दात काढा, बटन दाबा

हसण्यासारखे किस्से माणूस सांगून सांगून झिजवतो. लाज वाटावी असले किस्से मात्र वापरात नसतात, त्यामुळं नव्यासारखे राहतात! माझ्याकडं दोन्हींचा भरपूर साठा आहे. मंगळवार पेठेत कुणाच्या सायकलीची हवा गेली की लोक आधी माझ्या दाराकडं बघायचे, आणि बरोबर बघायचे. पण डॉक्टरांच्या गाडीचा विषय निघाला की माझे कान अजून गरम होतात.

गाडी म्हणजे खेळण्यातली आगगाडी. डॉक्टर नेसरीकर दातांचे डॉक्टर. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास विलायतेहून शिकून आले ते दोन इंजिनं, डबे आणि एक रिमोट घेऊन. रिमोट म्हणजे वायर लावलेला चपटा डबा, वर बटनं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. एक दाबलं की एक नंबरचं इंजिन पळणार, दोन नंबरचं गप्प उभं राहणार. रूळ तेच, करंट तोच! आम्ही तोंड उघडं टाकून बघत बसायचो, आणि डॉक्टर तेवढ्यात आमचे दात बघून घ्यायचे.

त्या काळी पेठेत दात दुखला तर लवंग, अगदीच राहवलं नाही तर पक्कड. डॉक्टरकडं कोण जातंय? म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत टेबलावर रूळ मांडले आणि शनिवारची दुपार पोरांसाठी ठेवली. खुर्चीत बसेल त्याला बटन! पेशंटशी खोटं मात्र बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पोरगं विचारायचं, "दुखंल?" डॉक्टर म्हणायचे, "दुखणार. थोडंच. मग बटन." दवाखाना भरायला लागला. डॉक्टर दिवसभर वाकून वाकून कमरेतनं गेले. खाली पडलेला कापूससुद्धा दुसऱ्याला उचलायला सांगायचे.

आणि कंपनीनं तो रिमोटच बंद केला! चिप मिळणार नाही, बटनं मिळणार नाहीत, नवीन सिस्टीम घ्या. डॉक्टर मला म्हणाले, "गणपतराव, गाडी थांबली की पोरं थांबली. मग मी नेसरीला जाऊन शेती बघतो."

मी लेथवरचा टर्नर. शिक्षण सातवी, तेही ढकलत ढकलत. शेजारी दस्तगीर, रेडिओ दुरुस्तीवाला. आम्ही दोघं एकदमच बोललो, "बंद म्हंजे? कंपनी बुडून जमाना झालेली इंजनं आमच्या उद्यमनगरात अजून पाणी वढत्यात की!"

बोलून बसलो झालं!

*

पहिल्यांदा गेली ती बटनं. आतली चकचकीत पट्टी झिजली. दस्तगीरनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवली. चाललं! पण ती चांदी फार टिकायची नाही. मग दुसरं पाकीट.

एका शनिवारी डॉक्टर एका किराणा दुकानदाराला आरसा दाखवत होते. "हे काळं दिसतंय ना? सिगारेट! आजपासून बंद." दुकानदार शरमून मान हलवत होता. तेवढ्यात बटन अडकलं, पोरांनी कालवा केला. डॉक्टरांनी रिमोटचा डबा त्याच्यासमोरच उघडला. आत चांदी, आणि चांदीवर छाप!

दुकानदार वाकून म्हणाला, "डॉक्टर, आपला ब्रँड एकच हाय की वो!"

डॉक्टर कानापर्यंत लाल. मी कोपऱ्यातनं म्हटलं, "डॉक्टर, आम्ही हौसेनं वढत न्हाय. स्पेअर पार्ट तयार करतोय!"

*

शेजारी आक्कांची पिठाची गिरण. तिची मोटर सुरू झाली की रिमोटचं डोकं फिरायचं. एक दाबलं तरी दोन्ही इंजिनं सुटायची आणि बोगद्यात धडकायची. दस्तगीर म्हणाला, "मोटर ठिणग्या मारतीया, त्यात रिमोटचा आवाज चिपला ऐकू येत न्हाय."

मी आक्कांना हात जोडले. ठरलं असं, की पोरगं खुर्चीत बसलं की मी शिट्टी मारायची, आक्कांनी गिरण थांबवायची, बटन दाबून झालं की पुन्हा सुरू. मी कधीमधी उगाचच शिट्टी मारून बघायचो, ते सोडा.

एकदा एका पोरानं दाराची चौकट जी धरली, ती सोडेना. आई ओढतेय, बाप ओढतोय. मी शिट्टी आधीच मारून बसलेलो. गिरण बंद, दळणाच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत, बायका डॉक्टरांच्या सात पिढ्या काढायला लागलेल्या. शेवटी आक्काच आल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळाला पीठ, डोळे लाल.

"डॉक्टर, दात काढतायसा का लगीन लावतायसा? तुमी काढतायसा, का मी काढू?"

पोरगं चौकट सोडून स्वतः पळत जाऊन खुर्चीत बसलं!

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी एक बाई दारातच विचारत होती, "आज आक्का हायत न्हवं? मगच पोराला आत आणतो."

*

तालमीतला एक पैलवान आला. मानेचा घेर माझ्या कमरेएवढा. दात काढायला बसला आणि माझा हात धरून ठेवला. माझी बोटं दुसऱ्या दिवशीही लेथचं हँडल धरेनात!

दात निघाला. तोंडाला टॉवेल लावून पैलवान सरळ टेबलापाशी. "मी बी बसलोतो की खुर्चीत. बटन कुठाय?"

पुढं उभी असलेली एवढीशी पोरगी मान वर करून म्हणाली, "पावणं, लाइनीत या."

आला लाइनीत! मान खाली घालून उभा राहिला. नंबर आल्यावर बटन दाबलं, गाडी पूर्ण फेरा मारेपर्यंत श्वास धरून बघितली, आणि माझ्या कानात म्हणाला, "गणपा, तालमीत सांगू नगंस."

पैलवान तालमीत पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पुढच्या शनिवारी लाइनीत पाच पैलवान! डॉक्टरांनी विचारलं, "कुणाचा दात दुखतोय?" पाचीजण जमिनीकडं बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "दुखत न्हाय. पर बगून घ्या एकदा."

*

हळूहळू चिपा गेल्या. आधी एक नंबरची. आम्ही दोन नंबरवर भागवलं. मग एका शनिवारी सकाळी दोन नंबरच्या पोटातनं धूर! दस्तगीर डोकं धरून बसला. दुपारी पोरं येणार. डॉक्टरांना सांगावं, तर ते संध्याकाळच्या आत गाडी उचलणार आणि महिन्याभरात नेसरी.

मी म्हटलं, "दस्तगीर, जुना लाउडस्पीकर हाय?"

त्यातलं मोठं लोहचुंबक काढलं. इंजिनाचं पोट रिकामं करून लोखंडाचा तुकडा बसवला. टेबलाला जमिनीपर्यंत हिरवं कापड होतंच. मागं प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडं डॉक्टरांची सामानाची खोली. पार्टिशनची खालची फळी सैल केली. दुपारी मी त्या खोलीतनं टेबलाखाली शिरायचं आणि उताणं पडायचं. टेबलाच्या पोटावर खडूनं रूळ काढून ठेवले. वर बटन टक् वाजलं की चुंबक फिरवायचं. पुन्हा टक्, की थांबायचं. जगात तंबाखू लागणारा रिमोट तेवढा एकच!

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दस्तगीर, कमाल आहे तुमची! विलायतेत कुणाला हे जमलं नसतं."

दस्तगीरनं कापडाखालनं मला लाथ घातली. मी हसू दाबून दाबून घामाघूम. मग डॉक्टर डोळे पुसणाऱ्या एका पोराला म्हणाले, "बघ बाळ, गाडी चालेल म्हणालो होतो ना? मी खोटं बोललो का?"

खाली माझं हसू गेलं ते गेलंच. संध्याकाळी दस्तगीरनं चहा मागवला. दोघांचाही तसाच राहिला.

*

आता माझं ऐका. रोज दवाखान्यात उठबस, पण खुर्चीत मी कधी बसलो नाही. आतली दाढ किडलेली, आणि मी जगाची टिंगल करत गालात लवंग धरून फिरणारा. एका शनिवारी टेबलाखाली उजव्या हातानं गाडी ओढतोय, डाव्या हातात गाल. वळणावर कळ आली आणि तोंडातनं निघालंच, "आई गंऽऽ!"

वर एक पोरगी म्हणाली, "डॉक्टरकाका, गाडी कण्हतीया!"

दस्तगीर नको तितका खोकला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चढ आहे ना तिथं, बाळ."

नंतर आम्ही दोघांनी म्हटलं, साधा माणूस! काय बी कळत न्हाय त्येस्नी.

*

पुढच्या शनिवारी माझा गाल भोपळ्यासारखा. सामानाच्या खोलीकडं सटकत होतो, तर डॉक्टरांनी दंड धरला.

"गणपतराव, आज तुम्ही बसा."

बाहेरची खोली भरलेली. पोरं, त्यांच्या आया, तो पैलवान, गिरण थांबवून आलेल्या आक्का. गिरण थांबवायची आता गरज नव्हती, पण त्यांना ते सांगणार कोण?

मी विचारलं, "दुखंल?"

"दुखणार. बरंच."

दुखलं! पैलवान दाराशी उभा राहून मनापासून ऐकत होता. दाढ निघाली, तोंडात कापसाचा बोळा बसला. मी डुलत बाहेर आलो, तर डॉक्टरांनी माझ्या हातात रिमोट ठेवला.

"नियम म्हणजे नियम. मी हात धुऊन येतो." आणि आत गेले.

रिमोट माझ्या हातात. दस्तगीर माझ्या शेजारी, तोंड पांढरंफटक. म्हणजे टेबलाखाली कोण? कुणीच नाही! सगळ्या खोलीचे डोळे आमच्यावर, दोघांपैकी कुणाला हलता येईना. तोंडात बोळा, बोलता येईना.

आक्का म्हणाल्या, "दाब की रं! बायका डबं घेऊन खोळंबल्यात."

पैलवान टॉवेलाआड हसत म्हणाला, "गणपा, भ्या वाटतंय व्हय?"

मला नेसरीची एसटी दिसायला लागली. खिडकीत डॉक्टर, मांडीवर रुळांची पेटी. इतक्या पोरांना ह्या माणसानं दिलेला शब्द आता माझ्या बोटानं खोटा पडणार होता. बरं, दाबायचं नाही तर कारण काय सांगायचं? मी डोळे मिटले आणि दोन नंबर दाबला. टक्.

पोरं ओरडली. मी डोळे उघडले.

गाडी निघालेली! पण मी फिरवायचो तशी नव्हे. हिसका देऊन सुटली, वळणावर मागचा डबा घसरता घसरता राहिला, बोगद्यात शिरली आणि आतच थांबली. बराच वेळ थांबली. मग हळूहळू बाहेर आली. तेवढ्यात खालनं बारीक कण्हल्याचा आवाज.

"चढ हाय न्हवं तिथं," आक्कांनी शेजारच्या पोराला समजावलं.

मी दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीर जमिनीकडं बघत होता. हिरव्या कापडाखालनं पांढऱ्या कोटाचं टोक बाहेर आलेलं.

दस्तगीर माझ्या कानाशी आला.

"लेका, दाब की परत, थांबव! डॉक्टरांची कंबर हाय ती."