दुपारी एकची जेनिफर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी माझं नाव जेनिफर होतं.

झालं असं, की शिकागोच्या ज्या हॉटेलात जेवायचं सुनंदाचं (म्हणजे आमच्या सौ.चं) स्वप्न होतं, तिथं टेबल बुक करायला मी साफ विसरलो. वर "केव्हाच केलंय!" असं दोन महिने ठोकून देत होतो. आदल्या दिवशी ॲपवर बघतो तर सगळं फुल! मग एका भलत्याच वेबसाइटवर कुणा जेनिफरचं टेबल विकायला दिसलं. घेतलं!

रविवारी दुपारी एकला आम्ही शॉमबर्गच्या आमच्या घरून नटूनथटून पोचलो. सुनंदा पैठणीत, मी सुटात आणि लेक सई लॉ स्कूलच्या सुट्टीत.

"नाव?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"जेनिफर," मी मिशीतल्या मिशीत पुटपुटलो.

"कोण जेनिफर?" सुनंदा कडाडली.

"नंतर सांगतो."

"नंतर नाही, आत्ता!"

तेवढ्यात मागून एक सहाफुटी दाढीवाला पुढे सरकला. "एक्स्क्यूज मी, जेनिफर मी आहे."

मुलीनं कपाळाला हात लावला. "एक जेनिफर केव्हाच आत बसल्यात. तुम्ही दुसरे आणि तिसरे!"

मॅनेजर धावत आला. "खोटी बुकिंग करून विकण्याविरुद्ध आता कायदा झालाय, ठाऊक आहे ना?"

कायदा! पुढच्याच महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता! मी भडाभडा सगळं कबूल केलं. बुकिंग विसरलो, थापा मारल्या, वेबसाइट शोधली... त्या भरात, गेल्या वर्षी सुनंदाचा वाढदिवस विसरून मीटिंगचं निमित्त केलं होतं, तेही!

"रिलॅक्स, बाबा!" सई म्हणाली. "हा लॉ टेबलं विकणाऱ्यांसाठी आहे. यू आर जस्ट द व्हिक्टिम."

"व्हिक्टिम नाही गं," सुनंदा म्हणाली. "मराठीत बावळट म्हणतात."

मी मॅनेजरपुढे हात जोडले. "कोपऱ्यात कुठं तीन खुर्च्या मिळतील का हो?"

"कोपऱ्यात कशाला?" तो म्हणाला. "बारा टेबलं रिकामी आहेत! त्या वेबसाइटवाल्यांनी अडवून ठेवली, पण विकली गेली नाहीत. सकाळी नुसता फोन केला असतात तरी दिलं असतं."

कायद्यानं मला सोडलं. घरचा खटला मात्र अजून चालू आहे, आणि आरोपीनं कबुलीजबाब आधीच, तीन साक्षीदार आणि एका दाढीवाल्यासमोर, देऊन टाकलेला आहे!