ताईचे शाबूत डोळे

रफूच्या दुकानातल्या ताईच्या नाकावरच राग असायचा. कोटाला सिगारेटने भोक पाडून आणणाऱ्याला आधी दोन शब्द सुनवायचे आणि मग सुई हातात घ्यायची, हा तिचा शिरस्ता. पण त्या सोमवारी ती डोळ्यांच्या दवाखान्यातून परतली ती धुमसतच, आणि समोर दिसलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने विनाकारण झाडलं. त्या बिचाऱ्याने तर नुसतं बटण आणलं होतं.

ताई एकाहत्तर वर्षांची, तिचा धाकटा भाऊ सहासष्टचा. दोघांनाही शाळकरी वयात मधुमेह जडला, तेव्हापासून दोघं इन्सुलिन टोचून घेत आले, आणि लग्नाच्या भानगडीत न पडता दोघांनी वडिलांचं दुकान चालवलं. इथवर सगळं सारखं. पुढे मात्र दोन टोकं. धाकटा जेवण तोलून खाणार, घड्याळ लावून चालायला जाणार, दिवसातून चारदा साखर तपासून आकडा वहीत लिहिणार. अशा एकोणीस वह्या त्याच्या कपाटात होत्या. ताई चहात दोन चमचे साखर घालायची आणि वर बिस्किटं. इंजेक्शन तेवढं चुकवायची नाही, बाकी सगळा आनंदीआनंद. आणि एवढ्या वर्षांनी निकाल काय लागला? ताईचे डोळे लख्ख, काळ्या कापडातला काळा धागा अजून मोजून काढणारे. आणि धाकट्याच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं नि तो डोळा गेला.

हा कुठला न्याय? पण खरा संताप पुढेच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धाकट्याची वही चाळली न चाळल्यासारखी केली आणि म्हणाले, आकडे असे असते तर डोळ्याची ही गत झालीच नसती; लोक वहीत खोटं लिहितात, आम्हाला सवय आहे. डाव्या डोळ्याला लवकर लेसर करा, नाहीतर त्याचाही भरवसा नाही, हे त्यांनी दारातून सांगितलं. धाकटा उपजत मऊ माणूस. त्याने वही पिशवीत ठेवली आणि घरी आला. लेसरची तारीख आली नि गेली. दुसरीही गेली.

"खोटारड्याला कशाला तपासायचं त्यांनी," एवढंच तो बोलला. ताई ओरडली, रडली, दोन दिवस अबोला धरून बसली. पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी त्याच दवाखान्याने ताईला बोलावलं होतं. पन्नास वर्षं मधुमेह असूनही ज्यांचे डोळे शाबूत आहेत, अशा माणसांचा अभ्यास करणारी एक डॉक्टरीणबाई तिथे आली होती. तिने ताईच्या डोळ्याचा पडदा अर्धा तास न्याहाळला. काहींच्या पडद्यात एक प्रथिन मुळातच जास्त असतं, ते डोळा सांभाळत असावं असा अंदाज आहे, तेच शोधतोय, असं तिने समजावलं. तुमच्यातही तसं काही असेल. मग पथ्याचं काय, ताईने विचारलं. बाई सरळ होती. ती म्हणाली, साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे, त्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण शून्य होत नाही. सगळं पाळूनही एखाद्याचा डोळा जातो.

हे ऐकून बाहेर पडते तोच ते पहिले डॉक्टर भेटले. तुमचा फोटो भिंतीवर लावू, म्हणाले. खाली लिहू, 'पथ्य पाळा, डोळे सांभाळा'. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिस्किटं खाणारी भिंतीवर आणि तोलून खाणारा खोटारडा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने हे सगळं धाकट्यापुढे ओकलं. सगळं पाळूनही डोळा जातो असं ती डॉक्टरीणबाईच म्हणाली, तुझी वही खरी आहे, आता तरी चल. धाकटा कोटाच्या बाहीवरून बोट फिरवत बसला.

"वही खरी होती हे मला माहीतच आहे," तो म्हणाला. "पण डोळा बिघडत होता तर रफूत कसं दिसलं नाही?"

वडिलांनी दोघांना शिकवलेलं, की रफूवाल्याचा डोळा रफूत दिसतो. वीण सरळ पडते तोवर डोळा ठीक. धाकट्याने सगळी पथ्यं पाळली, पण त्या शिकवणीवर विसंबून डोळा जाण्याआधीची दोन वर्षं डोळ्यांची तपासणी मात्र टाळली. त्या काळात त्याचं एकही काम परत आलं नव्हतं.

ताईला मात्र कारण माहीत होतं. काम परत कसं येईल? धाकटा दुपारी चालायला गेला की ती त्याची तिरकी पडलेली वीण उसवायची आणि आपल्या लख्ख डोळ्यांनी पुन्हा घालायची. त्याला वाईट वाटू नये म्हणून. वयाने हात थकला असेल असं तिने स्वतःला पटवलं होतं. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"मी उसवत होते," ती म्हणाली. "चौदा महिने. तू फिरायला गेलास की."

धाकट्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. सहासष्ट वर्षांत तो तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता, आताही बोलला नाही. त्याने कपाट उघडलं, एकोणीसच्या एकोणीस वह्या पिशवीत कोंबल्या आणि चपला घातल्या. ती मागोमाग निघाली.

डॉक्टरांच्या टेबलावर त्याने पिशवी पालथी केली.

"वह्या खऱ्या आहेत. उशीर झाला तो मी तपासणी टाळली म्हणून, आणि मी टाळली ती हिच्यामुळे. माझं बिघडलेलं काम ही लपवून नीट करत होती. हे केसपेपरवर लिहा."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ती आता उसळणार असंच त्यांना वाटलं असावं.

"लिहा," ताई म्हणाली. "आणि वह्या खोट्या म्हणालात, तेही त्याच्याच खाली लिहा. मग लेसर करा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. धाकट्याने तिच्याकडे न बघता हनुवटी यंत्रावर टेकवली.