ओट्यावरचं विरजण

तुमचा मामा मला पुण्याला न्यायला संग्रामपूरला आला, तेव्हा गाडीत पेटी ठेवताना म्हणाला, "आई, चार दिवसांची सहल समज." मी कुलूप लावून चाबी शेजारच्या रजियाबींकडे दिली. त्यांनी पेटीकडे पाहिलं.

"बाई, सहलीले एवढी मोठी पेटी काऊन नेऊन राह्यल्या?"

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, पेटीची कडी पुन्हा लावत बसले.

ईरा, ओम, तुम्ही टोरांटोहून विचारलंत की सहल म्हणजे नक्की काय. शब्दकोशात सापडेलच. आमच्या घरी मात्र तुमच्या आजोबांचा अर्थ चालायचा : "दही आंबायच्या आत घरी, ती सहल. बाकी सगळा प्रवास." वान नदीवर डबा घेऊन निघण्याआधी मी दुधाला विरजण लावायची. संध्याकाळी परतलो की घट्ट दही आणि गरम भात. परगावी मुक्कामाला जायचं असेल, तर भांडी रिकामी करून पालथी घालायची.

त्या सकाळी पेटीत मी हिवाळ्याची शाल, पेन्शनचे कागद आणि आजोबांचा फोटो भरला. आणि ओट्यावर विरजण लावलं.

तिसऱ्या दिवशी पुण्याला रजियाबींचा फोन आला. "बाई, तुमचं दही पार आंबून गेलं. कढी करून टाकू काय?"

"करा. आणि भांडं पालथं घाला."

रडू आलं नाही. मी सुनेला मटार सोलून दिले.

त्याला चार वर्षं झाली. इथे अकराव्या मजल्यावर दही पाकिटातून येतं. घर भाड्याने देऊ का, असं मामा अधूनमधून विचारायचा. मी "बघू" म्हणायची.

गेल्या रविवारी आम्ही सगळे धरणावर गेलो. निघण्याआधी मी दूध कोमट करून विरजण लावलं. ठरवून नव्हे, हात आपोआप गेले. संध्याकाळी झाकण काढलं. दही लागलं होतं. ओट्यापाशी उभ्यानेच भात कालवून खाल्ला आणि रजियाबींना फोन केला. घर भाड्याने देतोय, म्हटलं. येतील त्यांना चाबी द्या.

त्यांनी विचारलं, "अन् तुम्ही आल्या तर?"

"तुमच्याकडे उतरेन."

"हाव, या. पेटी नका आणू बस."

म्हणजे माझं घर आता इथे आहे, पोरांनो. हे कळल्यावर आनंद झाला नाही, फार दुःखही नाही. उरलेलं दही मी झाकून ठेवलं. उद्याच्या विरजणाला लागेल.