यादीतून निघालेली गल्ली

कामाच्या दिवशी माझी मावशी अंगाला साबणसुद्धा लावत नसे. डोक्याला तेल नाही, हाताला क्रीम नाही, आणि कोणी सेंट मारून शेजारी येऊन बसलं की ही ताडकन उठून दुसऱ्या खुर्चीवर. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तो नेमका तसाच दिवस होता. पिंजारलेले केस, फुटलेले ओठ, आणि सासूबाई प्रेमाने जवळ आल्या तर मावशी म्हणते कशी, "तिथूनच बोला, तुमच्या अंगाला वास येतोय." तिला म्हणायचं होतं सेंटचा वास, हे सासूबाईंना पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले.

कारण साधं होतं. शहराच्या कडेला जो जुना कचरा डेपो होता, त्याच्या खालचं पाणी तपासायला पाठवायचं काम मावशीकडे होतं. डेपो केव्हाच बंद झाला होता. कचऱ्याचा डोंगर सारखा करून त्यावर जाड प्लॅस्टिक, त्यावर चिकणमाती, त्यावर साधी माती आणि गवत असं सगळं अंथरून झालं होतं. पण खाली काय मुरतंय ते कळायला हवं, म्हणून कुंपणाच्या आत ठिकठिकाणी बोअर घेतल्या होत्या. नुसत्या जमिनीतून वर आलेल्या नळ्या आणि त्यांना कुलूप लावायची लोखंडी झाकणं. मावशी आणि तिच्या जोडीचा पंपवाला, दोघं जाऊन आधी नळीत साचलेलं शिळं पाणी उपसून टाकायचे, ताजं पाणी येऊ द्यायचे, आणि मग बाटली अशी काठोकाठ भरायचे की आत बुडबुडा राहता कामा नये. तिथून बाटली थेट बर्फाच्या पेटीत. हाताला लावलेलं क्रीम बाटलीत गेलं तर प्रयोगशाळेत तेही सापडतं, म्हणून हा सगळा संन्यास.

पगार बेताचा होता. त्यात उन्हातान्हात वणवण. आई तिला म्हणायची, "ताई, सोड हे, माझ्याकडे येऊन राहा." मावशी हसून विषय बदलायची. तिला नोकरी नको होती, तिला तिथं घर हवं होतं, आणि घराचा रस्ता त्या नळ्यांतून जातो अशी तिची पक्की समजूत होती.

कारण तिची गल्ली तिथंच होती, डेपोच्या अगदी पायथ्याशी. एका ओळीत बैठी घरं, समोर सार्वजनिक नळ, आणि वारा इकडचा असला की नाक मुठीत धरून बसायचं. बाहेरचे लोक त्या गल्लीच्या नावाने नाक मुरडायचे, पण मावशीला विचाराल तर तशी जागा दुसरी नाही. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, पण एकटं वाटायला सवड मिळाली नाही. भिंतीपलीकडे तिची मैत्रीण होती. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि ती इतकी पातळ की एकीला ठसका लागला की दुसरी "अगं, पाणी पी" म्हणायची. मावशी तिला "पलीकडची" म्हणे आणि तीही मावशीला "पलीकडची"च म्हणे. आम्ही मुलं त्या बाईला पलीकडची मावशी म्हणत असू. तिचं खरं नाव मला आजही नीट आठवत नाही.

पुढे नळाच्या पाण्यात विष निघालं. डेपो धोकादायक जागांच्या सरकारी यादीत गेला आणि गल्ली रिकामी करायचा हुकूम आला. मावशीला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. पलीकडची लेकाकडे गेली, परक्या गावी, बसने सकाळी निघालं तर दुपार उलटल्यावर पोचावं इतकं लांब. सामान ट्रकमध्ये चढल्यावर दोघी रस्त्यात उभ्या राहून भांडल्यासारख्या मोठमोठ्याने बोलत होत्या, मला वाटलं खरंच भांडतायत. तेव्हा ठरलं ते असं: आता भेटायचं ते इथेच, आपापल्या घरात परत आल्यावर. पाहुणी म्हणून एकमेकींच्या दारात जायचं नाही. हा काय हट्ट झाला? पण त्या दोघी एकदा बोलल्या की बोलल्या.

मग फोन सुरू झाले. दर रविवारी, जेवणं आटोपली की. मी कितीदा तरी समोर बसून ऐकलेत. त्यात दुखण्याखुपण्याचं बोलणं तोंडी लावण्यापुरतं, बाकी सगळं घराचं. खिडकी पुढे काढायची का. मोरी आत घ्यायची का. भिंत मात्र पातळच ठेवायची, मिस्त्री शहाणपणा करून जाड बांधायला जाईल, त्याला आधीच दम द्यायचा. दोघी ओट्याच्या उंचीवरून हमरीतुमरीवर यायच्या, फोन आपटायच्या आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे सुरू.

"यंदा काढतील का गं यादीतून?" पलीकडची विचारायची.

"पाणी सुधारतंय," मावशी डॉक्टरीणबाईंच्या थाटात सांगायची. "घाई करून चालत नाही."

पाणी खरंच सुधारत होतं. यादीतून नाव निघायचं तर तपासण्या ओळीने स्वच्छ यायला हव्यात, मध्ये एक जरी बिघडली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असा नियम होता. तशा त्या येत गेल्या. शेवटच्या एकदोन राहिल्या तेव्हा मावशीला उत्साहाने काही सुचेना. मोठे साहेब पाहणीला येणार, आणि बोअरची झाकणं बघावीत तर गंजून लाल. लग्नघरात कोणी गंजकं दार ठेवतं का? तिने स्वतःच्या पैशाने निळा ऑइलपेंट आणला, थिनर आणलं, आणि भर दुपारी एकेक झाकण घासून असं चकचकीत रंगवलं की लांबून फुलं उगवल्यासारखी दिसावीत. पंपवाल्याने कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी दोघांनी त्याच ओल्या रंगाच्या झाकणांखालून पाणी काढलं.

अंगाला साबण न लावणाऱ्या बाईने हे करावं! प्रयोगशाळेत हाहाकार उडाला. इतक्या वर्षांत जमिनीत कधी नव्हतं ते सगळ्या बाटल्यांत एकदम. प्रयोगशाळेच्या बाई स्वतः धावत आल्या, पहिल्या झाकणापाशी वाकल्या, वास घेतला आणि कपाळाला हात लावून तिथंच खाली बसल्या. मावशीला कोणी रागावलं नाही, तेच तिला जास्त लागलं. नियम तो नियम, मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.

त्या रविवारी फोन करायला तिचा हात उचलेना. शेवटी मीच नंबर लावून दिला. मावशीने रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडून एकदम हसू. इतकं हसू की मला लांबून ऐकू येत होतं. "अगं, पण निळा कशाला लावलास?" ती म्हणत होती. "तुला निळा कधी शोभला का?" मावशीच्या जिवात जीव आला. मला मात्र ते हसणं जरा जास्तच वाटलं, पण मी म्हटलं, असते एकेकीची तऱ्हा.

झाकणांचा रंग वाळला, तपासण्या पुन्हा ओळीने स्वच्छ आल्या, आणि अखेर नोटीस लागली: जागा यादीतून वगळण्याचा विचार आहे, कोणाची हरकत असेल तर अमुक दिवशी सभागृहात येऊन मांडावी. मावशीने पलीकडचीला बोलावून घेतलं. रात्रीच्या बसने निघून ती सकाळी पोचणार होती. मी आणि मावशी स्टँडवर उभ्या होतो. बसमधून माणसं उतरली, पांगली, आणि मावशी अजून दाराकडेच बघत होती. तिच्या अगदी पुढ्यात काठी टेकत एक वाळकी बाई येऊन उभी राहिली.

"डोळेही गेले वाटतं तुझे," बाई म्हणाली.

आवाज तोच होता. मावशीने तिला मिठी मारली आणि लगेच हात सैल सोडले, जोरात धरलं तर दुखेल की काय अशा भीतीने. आजाराबद्दल पलीकडची फोनवर कधी चकार शब्द बोलली नव्हती. "पथ्य चालू आहे," एवढंच म्हणाली आणि मावशीला विचारूही दिलं नाही.

सभागृहात हरकत कोणाचीच नव्हती. अधिकारी तरुण होता, चांगला होता. त्याने मजकूर वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रयोगशाळेच्या बाईंनी मावशीकडे बोट दाखवलं तेव्हा आणखी टाळ्या. मावशी त्या टाळ्यांतच उभी राहिली.

"साहेब, मग आम्ही राहायला कधी यायचं?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो टेबलामागून उठून तिच्यापाशी आला, आणि त्याबद्दल मी त्याला आजही मानते. "बाई, वरचं झाकण आहे ना, माती आणि प्लॅस्टिकचं, ते कधीच फोडायचं नाही. खाली कचरा आहे तो आहेच. पाया खणता येणार नाही, घर बांधता येणार नाही. तुमची गल्लीही त्याच कुंपणात आहे. तिथं गवत राहील, लोक फिरायला येतील."

"मग काढलं काय तुम्ही?"

"यादीतून काढलं, बाई."

मावशी खाली बसली. इतक्या वर्षांत तिला कोणी फसवलं नव्हतं. कोणाला सांगावंसं वाटलं नाही, कारण हिला माहीत नसेल असं कोणाच्या मनातच आलं नाही. तिच्या मनात पाणी साफ म्हणजे घर, इतका तो सरळ हिशोब होता. मला त्या अधिकाऱ्याचा राग येईना, मग सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला.

दुपारी कुंपणाचं फाटक उघडं होतं. आम्ही तिघी आत गेलो. मावशीने गवतातून बरोबर चालत नेलं आणि एका जागी थांबली. "हा तुझा उंबरा," ती म्हणाली. तिथं काहीही नव्हतं. दोघी गवतावर बसल्या. मी जरा बाजूला बसले, पण कान तिकडेच.

"मला ठाऊक होतं," पलीकडची म्हणाली.

"काय?"

"घरं होणार नाहीत ते. पोराने केव्हाच वाचून दाखवलं होतं. दुसरं-तिसरं वर्ष असेल."

मावशीने मान गर्रकन तिच्याकडे वळवली. "आणि खिडकी? ओटा? इतकी वर्षं माझ्याशी ओट्यावरून भांडलीस ती?"

"भांडले नसते तर रविवारी काय बोलले असते? तुझी तब्येत कशी, माझी तब्येत बरी, ठेवू का फोन? दोन महिन्यांत आटपलं असतं आपलं." ती गवताची काडी मोडत होती. "तू रंग लावून बसलीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, अजून थोडं पुरेल."

मावशी चिडेल, उठून जाईल असं मला वाटलं. माझी तर चिडायची पूर्ण तयारी होती. पण तिने अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "अगं, मग आपण भेटलो का नाही? बस तर रोज होती."

पलीकडचीने हातातली काडी टाकून दिली. परत आल्यावर भेटू म्हणून राखून ठेवलेली ती सगळी वर्षं कुठं गेली, याचा विचार करत मी उगाच चपलेचा बंद नीट करत बसले.

परतीची बस संध्याकाळची होती. स्टँडवर आम्ही चहा घेतला. पलीकडची बसची पायरी चढायला लागली तेव्हा मावशीने मागून आधार दिला, तिला खिडकीपाशी बसवलं, पिशवी वर ठेवली, आणि उतरायच्या ऐवजी शेजारी बसली.

"मावशी, बस सुटतेय, उतर," मी खिडकीखालून म्हटलं.

"सुटू दे."

"अगं, खोलीला कुलूप तरी... आणि नोकरी?"

"आता कसलं पाणी तपासायचंय? किल्ली तुझ्याकडे आहे ना."

"आणि अंगावरच्या कपड्यांनिशी जाणारेस? बदलायला काय घालशील?"

"हिचे घालीन," मावशी म्हणाली. "आमचं माप एकच आहे."

पलीकडचीने मान दुसरीकडे वळवली. ती आता मावशीच्या निम्मीही उरली नव्हती. कंडक्टरने दार ओढून घेतलं आणि बस निघाली.