नीट माग, बाई

आमच्या गावात देवाशी बोलायचं काम मष्णूआप्पाचं. गाव गुंजी स्टेशनापासून आत, रानात. मष्णूआप्पा रवळनाथाचा गुरव. कुणाला काही मागायचं असलं की सोमवारी नारळ घेऊन देवळात जायचं, आप्पाच्या कानात सांगायचं, आणि आप्पा ते खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालायचा. ह्याला गाऱ्हाणं म्हणायचे. मागं बसलेले गडी "व्हय म्हाराजा" म्हणून हाकारा द्यायचे. आता देवळावर भोंगा बसवलाय मेला, आणि शेजारणीला काय हवंय ते शेजारणीला ठाऊक नाही. तेव्हा अख्ख्या गावाला ठाऊक असायचं.

पण सांगितलं तसंच्या तसं आप्पा देवाला कधी सांगायचा नाही. आधी तुमची हजेरी घ्यायचा. वकील परवडला! नागोजी एकदा आला, "माजी दारू सुटू दे म्हण."

"सुटली समज," आप्पा म्हणाला. "मग सांजच्याला काय करशील?"

ह्याचा विचार कुणी केला होता?

"हे मागणं न्हाय रं, हे भ्या हाय. भ्या देवाला सांगून देव काय करंल? तुला काय पायजे ते सांग."

डोकं खाजवत नागोजी म्हणाला, "पोरीला खांद्यावर घिऊन नदीकडनं हिंडून यीन म्हणतो." तेच गाऱ्हाणं झालं. दारूचं नाव सुद्धा निघालं नाही. मी काही म्हणत नाही की दारू सुटली. मधे मधे घ्यायचा. पण सांजवेळी खांद्यावर पोर घेऊन जाताना मी त्याला पुष्कळदा बघितलंय, आणि दोघंही हसत असायची.

मलाही आप्पानं सोडलं नाही. मी नवी सून. माझी सासू म्हणजे तोंडाचा पट्टा. मी गेले आणि म्हटलं, "आप्पा, सासू माज्यावर वराडू नये असं मागा."

"आणि वराडायची थांबली तर तू काय करणार?"

"मी... मी आपली वेगळी चूल मांडीन," माझ्या तोंडातून गेलंच.

"मग चूल माग की गं! नीट माग, बाई. म्हातारीच्या जिभेला कशाला हात घालतीस?" आणि सगळ्या गड्यांसमोर, माझा नवरा मागं बसलेला असताना, चूल मागितली की हो! लाजेनं मेले मी. पण पुढच्या वर्षी पडवीत माझी चूल पेटली. खोटं कशाला सांगू?

असा हा माणूस. आणि त्याचाच स्वतःच्या दारात पाय अडकला.

आप्पाचा एकुलता एक लेक परशराम. जर्मनच्या लढाईत बेळगावच्या पलटणीत भरती झाला. त्याची बायको मालू माझ्याच वयाची, आम्ही एका विहिरीवर पाणी भरायचो. दोन पावसाळे गेले आणि सरकारचं पत्र आलं, परशरामाचा पत्ता नाही. त्या दिवसापासून आप्पा रोज पहाटे देवासमोर एकटाच पुटपुटायचा, "परशा मेलेला नसू दे. परशा मेलेला नसू दे." दुसऱ्या कुणी असं मागितलं असतं तर त्यानं हाकलून दिलं असतं.

लढाई संपली. आमच्याच गावचा भावकू परत आला, त्याच पलटणीतला. पाय धरून म्हणाला, "आप्पा, मी डोळ्यांनी बघितलंय. माज्या हातानं माती दिलीय."

"तुजा डोळा चुकला आसंल," आप्पा म्हणाला, आणि आत निघून गेला.

मग काय! त्या घरात परशरामाचं नाव काढायची चोरी झाली. मेला म्हणायचं नाही, आणि जिता म्हणायला जीभ वळायची नाही. मालूच्या कपाळावर कुंकू तसंच. बाई ना सवाशीण ना विधवा. भात कांडायची, शेण काढायची, आणि गप्प. माझा जीव नुसता तुटायचा. एक दिवस विहिरीवर मी भांडलेच तिच्याशी. "किती दीस अशी बसणार गं? तुला काय पायजे?"

"मला घर पायजे," ती म्हणाली. "लेकरू पायजे, बाळाबाई. पण मी कुकू पुसलं तर मामांचा जीव जाईल."

आमच्यात पाट लागायचा. नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लगीन, त्यात लाजायसारखं काही नव्हतं. पण नवरा गेला असं कुणीतरी म्हणायला नको का?

स्वातंत्र्याच्या आदल्या सुगीची गोष्ट. सोमवारी मालू नारळ घेऊन देवळात उभी राहिली. मी बरोबर होते, मीच ओढून नेलं होतं म्हणा ना. आप्पानं सवयीनं विचारलं, "काय पायजे?"

ती त्याच्या कानाशी वाकली. तिनं सांगितलं आणि आप्पाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा नारळ परत देणार. दिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण आप्पानं तांदूळ मुठीत घेतले आणि देवाकडं तोंड केलं.

"बा म्हाराजा रवळनाथा," आवाज नेहमीसारखाच चढला. "तुज्या पायाशी आलीया ती..."

गाऱ्हाण्यात बाईला तिच्या नवऱ्याच्या नावानं सांगायचं असतं. तिथं आप्पा अडकला.

"...लढाईत मेलेल्या परशरामाची बायको, मालू. तिला घर पायजे. दादला पायजे. मांडीवर लेकरू पायजे. ते तिला दे, म्हाराजा."

हाकारा आलाच नाही. सगळे गडी खाली बघत बसलेले. माझं डोकंच फिरलं. बायकांनी हाकारा द्यायचा नसतो, पण मी ओरडले, "व्हय म्हाराजा!" नवऱ्यानं डोळे वटारले. वटारू दे! मग भावकूनं दिला, आणि मग सगळ्या देवळानं दिला.

आप्पानं नारळ उचलला, पण फोडायला हात वर होईना. तो खांबाला टेकून बसला आणि पोरासारखा रडला. तीन वर्षांत पहिल्यांदा. लोक हळूहळू उठून गेले. मालू त्याच्या शेजारी बसली.

"मामा, मी जाऊ, का नको?"

"जा म्हणूनच मागितलं की गं." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "पर सुगी हुईस्तवर ऱ्हा. मला बी एक पायजे."

"काय पायजे, मामा?"

"त्याच्याबद्दल बोल माज्यासंगं. मेलेला नसू दे, मेलेला नसू दे म्हणत बसलो, आणि पोरगं कसं हसायचं ते ध्यानातनं जाया लागलंय माज्या."

मालूनं नवऱ्याचं नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "परशराम आधी नाकातनं हसायचे, मामा. मग त्यांना ठसका लागायचा."