वसईतली सोनोग्राफीची खोली

वसईत एका डॉक्टरबाईंकडे मी सोनोग्राफीचे रिपोर्ट टाइप करायचे. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. पण कुणाला दिवस गेल्याचं कळलं, की मला एकामागून एक पेशंट आठवायला लागतात. हसण्यासारखं त्यात थोडंच आहे, आधीच सांगते.

पाचूबंदरच्या एका सुनेला मुलगा झाला, वरचा ओठ फाटलेला. सासू तिला घेऊन आली ती तक्रार करतच: हिनं ग्रहणात मासळी कापली. मॅडमनी विचारलं, ग्रहण कधी होतं? आठव्या महिन्यात. "ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, आजी," मॅडम म्हणाल्या. "तो तेव्हाच राहून गेला. मासळीचा काही संबंध नाही." सून तोपर्यंत खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "परत एकदा सांगा ना ह्यांना, डॉक्टरीनबाई."

एव्हरशाईन सिटीत राहणारे, बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ. बायकोच्या पोटातल्या बाळाला एकच किडनी दिसली. मॅडमनी धीर दिला, एकीवरही माणूस नीट जगतो. कधीकधी हे घराण्यात असतं, तुम्हा दोघांचीही सोनोग्राफी करून बघू. साहेबांनी तिथल्या तिथे बायकोच्या माहेरची चौकशी सुरू केली. बायकोच्या दोन्ही किडन्या जागेवर होत्या. मग हे टेबलावर झोपले. डावीकडे काहीच नाही! उठून शर्ट खोचत मला हळूच म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं का?"

मी टाइप केलं.

सुजाता विरारची, पहिलटकरीण. सोनोग्राफीला पहिल्यांदा आली तीच सातव्या महिन्यात. बाळाची कवटी झालीच नव्हती, मेंदूही जवळजवळ नव्हता. हे पहिल्या महिन्यातच बिघडतं, आईला काही कळायच्या आत. बाळ जगणार नाही, हे मॅडमनी नवराबायको दोघांना सांगितलं. ठोके मात्र नीट पडत होते. गर्भपाताची मुदत उलटून गेली होती. तिनं दिवस भरले. मुलगी झाली, तासभर होती. घरच्यांनी सुजाताला ती दाखवली नाही.

दोन वर्षांनी सुजाता परत आली. या वेळी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तिनं आधीपासून घेतल्या होत्या. मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवून बाळाचं डोकं दाखवलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या. नवरा रडला. तो रिक्षा बघायला बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि पहिलीचा फोटो फाइलला आहे का, विचारलं.

होता. पण त्या कागदावरची छपाई उडून जाते. नुसता पांढरा कागद उरला होता. मी तिला तसं सांगितलं, तरी तिनं तो मागून घेतला. खिडकीशी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"दिसतेय," म्हणाली, आणि पर्समध्ये ठेवला.