मंडईच्या दिवशी दारावर कडुनिंब

"माता निकली लडकी अंदर नहीं जाएगी," शिपाई म्हणाला आणि त्याने गेटवर आडवा हात धरला. आत पहिली घंटा झाली. माझी नात हॉलतिकीट घेऊन उभी होती. तिच्यामागे आमची शेजारीण तोंडाला पदर लावून उभी, जशी काही देवी नातीच्या अंगावरून उडी मारून तिच्याच अंगावर येणार होती. तिच्या पोरीचाही तोच पेपर होता. तिनेच शिपायाला सांगितलं होतं, "इच्या घरी कांजण्या हायेत. कालपासून दारावर कडुनिंब हाय."

कडुनिंब मी बांधला होता.

नात घरी बसून, बाहेरून बी.ए. करत होती. म्हणजे पुस्तकं मिळतात, मास्तर मिळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. आम्हाला कोणी एकाग्र व्हा म्हणून सांगितलं नाही, छडी होती. हिला छडी नव्हती, मोबाईल होता. मांडीवर पुस्तक, पुस्तकात मोबाईल, आणि आई आली की पान उलटायचं. असं करत अर्थशास्त्राचा पेपर दोनदा गेला. बाकी सगळे सुटले, तो एकच राहिला.

"आता नापास झाली तर पुस्तकं बांधून ठेव, पोरगा पाहू," असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, जाहीर केलं. जाहीर करताना त्याने टीव्हीचा आवाज कमी केला नाही. वरून म्हणे, "मन लावून वाच." हा सल्ला घरात प्रत्येकाकडे होता. तिची आत्या फोन करून तासभर मन लावून वाच म्हणायची. तो तासही गेलाच. सुनेने डोकं चालावं म्हणून बदाम भिजवले, ते मुलाने टीव्हीसमोर खाल्ले.

शेवटी पोरीनेच मोबाईल आणून माझ्या हातात दिला. "आजी, मांगला तरी देऊ नोको."

मी तो धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, खोल खुपसला. संध्याकाळी आली मागायला.

"उपस ढोली," म्हटलं. एवढं धान कोण उपसतं? गेली वाचायला.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. नाटक पाहायला आलो म्हणतात. नाटक निमित्त, सोयरिकी तिथेच जमतात. नातीचा पेपर मंडईच्या दुसऱ्या दिवशी. केशोरीहून माझी जाऊ येणार होती, सोबत एक पोरगा दाखवायला आणणार होती. पोरगी चहा देत फिरेल की वाचेल, हे कोणी विचारलं नाही.

म्हणून मी मंडईच्या दिवशी सकाळीच कडुनिंबाचे डहाळे तोडून दारावर बांधले. आमच्या भागात ते दिसलं की माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो. घरात माता आली आहे, आता फोडणी नाही, पाहुणा नाही, गोंगाट नाही. मुलगा भडकला.

"माय, आपन बौद्ध ना? मंग देवी कायले?"

"आपन नाई मानत, पावने मानतेत. डहाळा त्यायच्यासाठी हाय."

जावेची जीप दारासमोर थांबली. ती आतूनच ओरडली, "काय वं, आपल्या घरी कवापासून माता येऊन राहिली?"

"मातेले अजून कोनी सांगतलं नाई वाटते, आपन धर्म बदलला म्हून."

जाऊही बौद्धच. वंदनेला सगळ्यांच्या पुढे बसते. पण जीपमधून उतरली नाही.

त्या दिवशी घरात आवाज नव्हता. टीव्हीसुद्धा बंद, कारण शेजारीण भिंतीला कान लावून होती. पोरगी दिवसभर पुस्तक घेऊन बसली. मधे एकदा झोपली. पण वाचलं तिनं.

आणि आता गेटवर हा शिपाई. "अम्मा, डॉक्टर का कागज लाओ." डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत पेपर संपला असता. खरं बोलावं तर शेजारीण ऐकत होती. तिने ऐकलं म्हणजे केशोरीने ऐकलं.

"माता नाई, काई नाई," मी म्हटलं. "मी खोटं बोलली. पावने परत जावे म्हून डहाळा मीच बांधला." नातीची बाही वर ओढली. "दाखव एक फोड. दाखव, आमी आत्ता वापस जातो."

शिपायाने हात पाहिले, मान पाहिली. रांगेतली पोरं हसायला लागली.

"अम्मा, पूरे गाँव को उल्लू बना दिया?"

"गावाले नाई. पावन्यायले."

त्याने हात काढला. नात पळतच आत गेली. शेजारणीने तोंडावरचा पदर काढला. "बाई वं, एवढं खोटं!"

"तुयी पोरगी बी गेली ना आत? मंग बस सावलीत."

केशोरीची माणसं तेव्हापासून बोलत नाहीत. कानाला आराम आहे. नात पास झाली, काठावर, पण झाली. मुलगा आता येईल त्याला सांगतो की मी रोज म्हणायचो, मन लावून वाच.

तो त्या गेटवर नव्हता. मी होते आणि माझी नात होती.